उपवासकाळात वचन-मनन: रोज एकच उतारा, वीस मिनिटं, एक वही

वहीतली_ओळ (धागाकर्ता)

यंदा (२०२६) ईस्टरआधीचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, सुरू करणारा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. दर वर्षी या सुमारास "चाळीस दिवसांत चारही शुभवर्तमानं" असले तक्ते फिरायला लागतात. चारही मिळून ८९ अध्याय, म्हणजे दिवसाला सव्वादोन. पहिला आठवडा नेटाने जातो. मग एखाद्या शनिवारी पाच अध्याय थकतात, ते झोपताना उरकले जातात, आणि दुसऱ्या रविवारनंतर तक्ता फ्रिजवर नुसता लटकत राहतो. दोष वाचणाऱ्याचा नाही, मापाचा आहे. एवढं वाचलं की वाचून होतं, पण आत काही उतरत नाही.

म्हणून माप उलटं धरू. येणाऱ्या रविवारचं शुभवर्तमान सोमवारपासून शनिवारपर्यंत घ्यायचं, आठवडाभर तेच. कॅथोलिक मिस्साच्या (उपासनेच्या) वाचनांच्या तीन वर्षांच्या फेऱ्यातलं हे 'अ' वर्ष आहे, त्यामुळे रविवार असे येतात: २२ फेब्रुवारी मत्तय ४:१-११ (रानातली परीक्षा), १ मार्च मत्तय १७:१-९ (रूपांतर), ८ मार्च योहान ४:५-४२ (शोमरोनी स्त्री), १५ मार्च योहान ९ (जन्मांध), २२ मार्च योहान ११:१-४५ (लाजर), २९ मार्चला झावळ्यांचा रविवार आणि मत्तय २६:१४ पासून २७ संपेपर्यंत दुःखसहन. १८ ते २१ फेब्रुवारी या पहिल्या चार दिवसांना राखेच्या बुधवारचाच उतारा पुरतो: मत्तय ६:१-६ आणि १६-१८.

यातले मधले तीन रविवार, म्हणजे पाणी, दृष्टी आणि जीवन, हे ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढांच्या तयारीला जोडलेले आहेत. विश्वास वाढतो म्हणजे नेमकं काय होतं हे पाहायचं असेल तर यांच्याइतके चांगले उतारे नाहीत.

वीस मिनिटांची वाटणी: दोन मिनिटं गप्प बसायचं. पाच मिनिटांत उतारा दोनदा वाचायचा, दोन्ही वेळा मोठ्याने. आठ मिनिटं एका शब्दावर किंवा वाक्यावर थांबायचं. चार मिनिटं त्याच शब्दांत प्रार्थना. शेवटच्या मिनिटात वहीत एक ओळ, एकच. शंभर पानी साधी वही पुरे. ओळीपुढे वचनाचा आकडा हवाच; तो नसला की दोन आठवड्यांनी ती ओळ कशावरून सुचली ते आपल्यालाच कळत नाही.

पायऱ्या नव्या नाहीत. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थुसियन (एकांतात मौन पाळणाऱ्या साधूंच्या) मठाचा प्रमुख दुसरा गिगो याने त्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग काही न करता देवापुढे असणं. वाचनाने घास तोंडात जातो, मनन तो चावतं, असा त्याचा दाखला. आपल्याकडे रवंथ म्हणतात, तेच.


शंकेखोर

एकच उतारा सहा दिवस? मत्तय ४ तर अकराच वचनं आहेत. बुधवारपर्यंत पाठ होईल आणि गुरुवारी कंटाळा येईल.


वहीतली_ओळ

पाठ झाला तर उत्तमच. कंटाळा येतो कारण रोज तोच प्रश्न घेऊन आपण उताऱ्याकडे जातो. रोज वेगळ्या बाजूने शिरायचं. सोमवारी नुसतं वाचन. मंगळवारी पेन्सिलने फक्त क्रियापदांखाली रेघ. बुधवारी त्या रविवारचं जुन्या करारातलं वाचन शेजारी ठेवायचं: पहिल्या रविवारी उत्पत्ती २ आणि ३, तिसऱ्याला निर्गम १७:३-७, चौथ्याला १ शमुवेल १६, पाचव्याला यहेज्केल ३७:१२-१४. गुरुवारी प्रसंगातल्या एका माणसाच्या जागी उभं राहून. शुक्रवारी त्या रविवारचं स्तोत्र: ५१, ३३, ९५, २३, १३० या क्रमाने. शनिवारी उतारा हाताने उतरवून काढायचा. मत्तय ४ ला वीस मिनिटं पुरतात. योहान ४ अख्खा उतरवू नका, सात ते पंधरा वचनं बास.

उतरवताना हात डोळ्यापेक्षा हळू चालतो. योहान ४:२८ मध्ये ती बाई घागर तिथेच टाकून गावात जाते, हे वाचताना निसटतं. लिहिताना हात थांबतो. पाण्यासाठी आलेली बाई घागर विसरते.


निर्मळकर

पहिल्या आठवड्यासाठी एक भर. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली आहेत: ८:३, ६:१६, ६:१३. तिन्ही मूळ अध्यायांत जाऊन वाचा. तिथे इस्राएल चाळीस वर्षं रानात आहे आणि इथे येशू चाळीस दिवस. "मनुष्य केवळ भाकरीने नव्हे" हे वाक्य मान्न्याबद्दलचं (देवाने रानात दिलेल्या अन्नाबद्दलचं) आहे हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

आणि सैतानही वचन सांगतो! मत्तय ४:६ मध्ये तो स्तोत्र ९१:११-१२ म्हणून दाखवतो, पण "तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करायला" हा भाग गाळून. पुढचं तेरावं वचन, सिंह आणि नाग तुडवण्याचं, तेही सोडून देतो. लूकमध्ये परीक्षांचा क्रम वेगळा आहे, मंदिराची परीक्षा शेवटी येते. दोन्ही शेजारी ठेवून बघा, पण एकात दुसरं मिसळू नका.


नगरी_भाकर

छान धागा. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सगळीकडे हाच क्रम चालत नाही. काही ठिकाणी दुसऱ्या रविवारी रूपांतराऐवजी योहान ३, म्हणजे निकदेम असतो. काही मंडळ्यांत लेंटची ठरलेली वाचनंच नसतात, पाळकसाहेब विषय देतात. त्यांनी काय करायचं?

माझा सल्ला: एकच पुस्तक घ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत न उड्या मारता वाचा. मार्क सोळा अध्यायांचा आहे. त्याचे चाळीस तुकडे केले तर एकेका तुकड्यात सरासरी सतरा वचनं येतात. दिवस मोजताना रविवार सोडा: राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस, त्यातून सहा रविवार वजा केले की चाळीस. मागे राहिलेलं रविवारी भरून काढता येतं.


निर्मळकर

तुमचा सल्ला तर थेट संत बेनेडिक्टचा निघाला, काका! मठांसाठी त्याने लिहिलेल्या नियमाच्या ४८व्या अध्यायात आहे: लेंटच्या सुरुवातीला प्रत्येक मठवासीयाला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यायचं आणि त्याने ते सुरुवातीपासून सलग पूर्ण वाचायचं. निवडानिवड नाही.

मोजणीत मात्र एक फरक. कॅथोलिक उपासनेप्रमाणे उपवासकाळ पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्साआधी संपतो. तसा हिशोब रविवार धरून ४४ दिवसांचा होतो. वहीला फरक पडत नाही, पण चाळीस हा आकडा जुळत नाही म्हणून दर वर्षी कुणीतरी भांडतं.

राहिलेलं भरून काढायच्या मात्र मी विरोधात. चुकलेला दिवस चुकला. त्या दिवसाची जागा वहीत कोरी ठेवा आणि आजच्या उताऱ्यावर या. भरपाई सुरू झाली की पुन्हा तो फ्रिजवरचा तक्ताच.


सायली_पी

रोजच्या मिस्साची वाचनं मोबाईलवर बघून घरातल्या बायबलमध्ये शोधते, तर आकडे जुळत नाहीत. स्तोत्र ५१:१२ म्हणतात, आणि बायबलमध्ये ते दहावं निघतं. एखाद्या दिवशी तर वाचनच सापडत नाही. बायबल चुकीचं आहे का?


वहीतली_ओळ

दोन्ही बरोबर आहेत, सायलीताई. मिस्साच्या वाचनांत स्तोत्रांचे आकडे हिब्रू पद्धतीने असतात आणि त्यात वरचं शीर्षकही वचन म्हणून मोजतात. ५१ व्या स्तोत्राचं शीर्षक ("नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तेव्हा...") दोन वचनांएवढं धरलं जातं, म्हणून दोनचा फरक. घरातल्या बायबल सोसायटीच्या प्रतीत शीर्षकाला आकडा नाही. जिथे शीर्षक छोटं आहे तिथे फरक एकचा किंवा शून्य. तेव्हा आकडा धरून बसू नका, "माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर" हे शब्द शोधा.

न सापडणारी वाचनं यंदा चार दिवशी येतील. २६ फेब्रुवारीला एस्तेरची प्रार्थना, १० मार्चला दानिएल ३ मधली अजऱ्याची प्रार्थना, २० मार्चला ज्ञानग्रंथ २, आणि २३ मार्चला दानिएल १३ मधली सुझान्ना. हे भाग प्रॉटेस्टंट प्रतींत नाहीत, कॅथोलिक आवृत्तीत आहेत. प्रत दुसरी नसेल तर त्या दिवशी शुभवर्तमान घ्या. २३ मार्चला योहान ८:१-११ आहे, ती एकटीच पुरून उरते.

आणखी दोन दिवस क्रम मोडतो: १९ मार्चला संत योसेफ (गुढीपाडवाही त्याच दिवशी) आणि २५ मार्चला देवदूताचा निरोप. त्या दिवशी सणाची वाचनं असतात.


शंकेखोर

कुठलं भाषांतर घ्यावं मग?


नगरी_भाकर

मोठ्याने वाचायला बायबल सोसायटीचं, कारण उपासनेत तेच कानावर पडलेलं असतं आणि शब्द ओळखीचे लागतात. अर्थ अडला की फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल, भाषा आजची आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर हाती लागलं तर तिसरं म्हणून जरूर ठेवा. साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून केलेलं काम आहे, १९२४ साली पूर्ण छापून आलं, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी. त्यांचा मृत्यू ५ एप्रिल १९२२ चा, आणि यंदा ईस्टर त्याच तारखेला.

तीन प्रती एकदम उघडून मात्र बसू नका. मननाच्या वेळी एकच. बाकीच्या अडल्यावर. नाहीतर वीस मिनिटं शब्दकोशात जातात आणि प्रार्थना राहून जाते.

ओव्यांची आवड असेल तर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (१६१६) आहेच. त्याच्या दुसऱ्या भागात, म्हणजे दुसऱ्या पुराणात, ख्रिस्तचरित्र. मनन संपल्यावर तोच प्रसंग त्यात वाचावा. आधी वाचला तर स्टीफन्सच्या अलंकारांत शुभवर्तमानातला कोरडा तपशील बुडतो.


वहीतली_ओळ

आता चौथ्या आठवड्याबद्दल जरा सविस्तर, कारण योहान ९ ची ४१ वचनं एकदम घेतली की हमखास फसतं. सगळे पहिल्या सात वचनांतल्या चमत्कारावर मनन करतात आणि उरलेली चौतीस गुंडाळतात. खरी गोष्ट त्या चौतिसांतच आहे.

वाटणी अशी करा. सोमवार ९ मार्च: १-७. मंगळवार: ८-१२, शेजारी. बुधवार: १३-१७, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी). गुरुवार: १८-२३, आईबाप. शुक्रवार: २४-३४, दुसरी उलटतपासणी. शनिवार: ३५-४१. रविवारी मिस्सात सगळं सलग ऐकायचं. देवळात संक्षिप्त वाचन घेतलं तर घरी पूर्ण वाचा.

वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे तो माणूस येशूला काय म्हणतो ते. ११: येशू नावाचा माणूस. १७: संदेष्टा. ३३: देवापासून आलेला. ३८: प्रभू, आणि तो नमन करतो. (३५ मध्ये काही भाषांतरांत "मनुष्याचा पुत्र" आणि काहींत "देवाचा पुत्र" दिसेल. हस्तलिखितांतला फरक आहे, गोंधळू नका.)

उजवीकडे त्याला "कसे?" हे किती वेळा विचारलं जातं ते: १०, १५, २६ (आणि १९ मध्ये त्याच्या आईबापांना). आणि त्याचं उत्तर दर वेळी आखूड होत जातं. अकरामध्ये चिखल, शिलोह (जिथे तो धुतो ते तळं), धुणं, दिसणं असं सगळं आहे. पंधरामध्ये शिलोह गळतं. पंचविसामध्ये उरतं एवढंच: एक मला ठाऊक आहे, मी आंधळा होतो, आता दिसतं. माहिती कमी होत जाते आणि ओळख वाढत जाते.

दुसरं: "आम्हांला ठाऊक आहे" कोण म्हणतं? परूशी, २४ आणि २९. "मला ठाऊक नाही" कोण म्हणतं? तो, १२ आणि २५. शनिवारी ४१ वं वचन या जोडीशिवाय वाचूच नका.

आणि ८ ते ३४ मध्ये येशू प्रसंगात कुठेच नाही. त्या माणसाचा विश्वास वाढतो तो येशू समोर नसताना, प्रश्नांना तोंड देताना. त्याला बाहेर काढल्यावर येशूच त्याला शोधत येतो. प्रार्थनेत काही जाणवत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी शुक्रवारचा तुकडाच वाचायला सांगेन.


निर्मळकर

+१. त्यात १ शमुवेल १६:७ जोडा: मनुष्य बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. बुधवारच्या वाचनाला चपखल.


सायली_पी

आमच्याकडे घरी वचनपेटी आहे. रोज सकाळी एक चिठ्ठी काढतो. ते मनन धरायचं का?


नगरी_भाकर

वचनपेटी म्हणजे आठवण, मनन नव्हे. चिठ्ठीवर वाक्याच्या मागचं-पुढचं काही नसतं. यिर्मया २९:११ घ्या, "कल्याणाचे संकल्प" वालं. प्रत्येक पेटीत ती चिठ्ठी असतेच, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी निघाली की घरात आनंद. आता वरचं दहावं वचन वाचा: बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर. ज्यांना हे लिहिलं त्यांतल्या बहुतेकांनी सुटका पाहिलीच नसणार. त्याआधी पाचव्या वचनात सांगितलंय घरं बांधा, बागा लावा, आणि सातव्यात त्या परक्या शहराच्या हितासाठी प्रार्थना करा. दहाव्याशिवाय अकरावं म्हणजे गोड गोळी.

चिठ्ठी काढा, हरकत नाही. पण निघालेल्या वचनाचा पूर्ण अध्याय त्याच दिवशी वाचा. वर निर्मळकरांनी सैतानाच्या वचनाचं लिहिलंय, तोच धोका. अर्धं वचन खोटं नसतं, पण ते कुठेही चिकटवता येतं.

सकाळी सातला व्हॉट्सॲपवर येणाऱ्या चिंतनांनाही हेच लागू. आधी उतारा, मग स्वतःची ओळ, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्याचं चिंतन. क्रम उलटा झाला की आपल्या वहीत लोकांची वाक्यं येतात.


शंकेखोर

हे सगळं एकट्यासाठी झालं. आठवड्यातून एकदा वाडीतली आठ-दहा घरं जमतात तिथे काय करावं? आमच्याकडे दोघेच बोलतात आणि बाकीचे चहाची वाट बघतात.


निर्मळकर

सात पायऱ्यांची पद्धत वापरा. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून आली आणि आशियात चांगली रुळली आहे. १) कुणीतरी साध्या शब्दांत प्रभूला बोलावतो. २) उतारा वाचतात. ३) प्रत्येक जण मनाला भिडलेला शब्द किंवा छोटं वाक्य तेवढंच मोठ्याने वाचतो, तीनदा, मध्ये जागा सोडून. ४) तीन ते पाच मिनिटं शांतता, घड्याळ लावून. ५) काय भिडलं ते सांगणं. ६) या आठवड्यात आपण मिळून काय करायचं ते. ७) उत्स्फूर्त प्रार्थना.

बिघडते ती तिसरी आणि पाचवी. तिसरीत लोक शब्द वाचून लगेच त्याचं स्पष्टीकरण द्यायला लागतात. तिथे फक्त शब्द, भाष्य नाही. ज्यांना बोलायची भीड वाटते त्यांनाही दोन शब्द वाचता येतात, त्यासाठीच ती पायरी आहे. पाचवीत प्रवचन होतं. दोन नियम आधीच सांगा: "मला" ने सुरुवात करायची, "आपण सर्वांनी" ने नाही, आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर उत्तर द्यायचं नाही, दुरुस्तीही नाही.

सहावी लोक गाळतात. गाळू नका. आणि ठरवायचं ते मोजता येईल असं: "गरिबांना मदत" नाही, तर अमुक घरातल्या आजारी आजींकडे शनिवारी कोण जाणार, एवढं. राखेच्या बुधवारच्या मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना आणि उपास एका ओळीत आहेत. यातली नुसती प्रार्थना निवडायची सोय येशूने ठेवलेली नाही.

उतारा दहा-पंधरा वचनांचाच. शोमरोनी स्त्रीचा पूर्ण घेतलात तर चहा खरंच गार होईल.


सायली_पी

मत्तय ६ वरून आठवलं. सतराव्या वचनात "तोंड धू, डोक्याला तेल लाव" म्हटलंय आणि त्याच दिवशी आपण कपाळावर राख घेऊन फिरतो!


निर्मळकर

म्हणूनच तो उतारा त्या दिवशी ठेवलाय, असं मला वाटतं. राख लावतानाच सांगून टाकायचं की ही दाखवायची गोष्ट नाही. योएल २:१३ पण तेच: वस्त्रे नव्हे, हृदये फाडा.


नगरी_भाकर

उत्तम शुक्रवारच्या तयारीबद्दल एक. आमच्याकडे बारा ते तीनच्या उपासनेत क्रुसावरचे सात उद्गार घेतात. ते सातही एका शुभवर्तमानात नाहीत: तीन लूकमध्ये (२३:३४, ४३, ४६), तीन योहानात (१९:२६-२७, २८, ३०), आणि "माझ्या देवा, माझ्या देवा" हा मत्तय आणि मार्कात. पवित्र आठवड्यात एकेका शुभवर्तमानाचं दुःखसहन वेगळं वाचलं तर लूकचा क्षमा करणारा येशू आणि मार्कचा एकाकी येशू वेगळे दिसतात. एकत्र केले की दोन्ही पुसट होतात.

चौथ्या उद्गाराच्या ("माझ्या देवा, माझ्या देवा") दिवशी स्तोत्र २२ पूर्ण वाचा, बाविसाव्या वचनाच्या पुढेही. तिथे रडणं थांबून स्तवन सुरू होतं. पण ते वापरून पहिल्या एकवीस वचनांवरून घाईने उडी मारू नका. उपदेशांत हे फार होतं.


शंकेखोर

आणि शनिवारी? पवित्र शनिवारी दिवसा तर मिस्साच नसतो.


वहीतली_ओळ

दिवसा नवं काही घेऊ नका. रात्रीच्या जागरणात जुन्या करारातली सात वाचनं असतात, उत्पत्ती १ पासून. सोयीसाठी त्यांतली काही गाळतात, पण निर्गम १४, तांबड्या समुद्राचं, कधीच गाळता येत नाही. देवळात ते अंधारात मेणबत्तीच्या उजेडात ऐकायचं असतं, तेव्हा पुस्तकात डोकं खुपसून चालत नाही. सकाळी घरी निर्गम १४:१५ ते १५:१ एकदा मोठ्याने वाचून ठेवा. वहीतलं त्या दिवसाचं पान कोरं राहिलं तरी चालेल.